थाळी दोघांची, तपासणीही दोघांची

वाचकाचे पत्र

आमच्या लग्नाला चार वर्षे झाली. माझे वय ३१, यजमानांचे ३४. दीड वर्षापासून आम्ही बाळासाठी प्रयत्न करीत आहोत. माझी पाळी चाळीस-पन्नास दिवसांनी येते. सोनोग्राफीत पीसीओएस (बीजकोशांचा संप्रेरकदोष) निघाला आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७० किलो. घर शाकाहारी. सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी आणि वरण-भात, संध्याकाळी चहा-फरसाण, रात्री दहाला आमटी-भात असे माझे खाणे आहे. सोमवार आणि गुरुवारचे उपवास असतात. सासूबाईंनी पपई, तीळ, गूळ असे सारे ‘उष्ण’ पदार्थ बंद केले आहेत, आणि घरात हल्ली सैंधव मीठच येते. मोबाइलवर पाहून मी किटो आहार सुरू केला होता, तो तीन आठवड्यांत सुटला. आता गर्भाशयशुद्धीची पावडर मागवावी असे वाटते. यजमानांची तपासणी झालेली नाही. ‘मला काही त्रास नाही’ असे ते म्हणतात. नेमके काय खाल्ले म्हणजे दिवस राहतील?
— एक वाचक, सिन्नर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. जो खाल्ला की दिवस राहतातच, असा एकही पदार्थ पोषणशास्त्राला ठाऊक नाही आणि तसा दावा करणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नये. तरीही तुमच्या बाबतीत आहाराला करण्यासारखे काम इतर अनेकींपेक्षा अधिक आहे, कारण पाळीचे अंतर पाहता तुमची मुख्य अडचण बीज वेळेवर न सुटण्याची दिसते आणि या अडचणीवर खाण्यापिण्यातल्या बदलांचा परिणाम होतो. ज्यांच्या गर्भनलिका बंद आहेत त्यांना मी असे लिहू शकले नसते. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि तिथे कितीही सकस जेवले तरी नलिका उघडत नाहीत.

म्हणून ताटाकडे वळण्यापूर्वी तपासणीचे बोलते. स्त्रीचे वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, तर जोडप्याने तपासणी करून घ्यावी असा संकेत आहे, आणि पाळी अनियमित असेल तर एवढेही थांबण्याचे कारण नसते. तुम्ही दीड वर्ष काढले आहे. या काळात तुमची सोनोग्राफी झाली, औषध सुरू झाले, किटो झाला, पपई बंद झाली. पण ज्या तपासणीला ना भूल लागते ना सुई, ती यजमानांची वीर्यतपासणी तेवढी राहून गेली. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने सापडते. ‘मला काही त्रास नाही’ हे त्यांचे म्हणणे खरेच असणार, कारण शुक्राणू कमी असले किंवा त्यांची हालचाल मंद असली तरी पुरुषाला शरीरात काहीही जाणवत नाही. नमुना तपासल्याशिवाय ते कळण्याचा मार्गच नाही. दोन ते सात दिवस शरीरसंबंध टाळून नमुना द्यायचा असतो, एवढाच काय तो या तपासणीचा जाच.

यजमानांच्या खाण्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, आणि मला येणाऱ्या बहुतेक पत्रांची हीच तऱ्हा असते. वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे ते परिपक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी काही दिवस जातात. म्हणजे आज त्यांनी तंबाखू सोडली तर तिचा लाभ दिसायला तीन महिने लागतील. ते तंबाखू मळत असतील, गुटखा किंवा सिगारेट असेल, तर कोणत्याही पौष्टिक लाडवाआधी ते सुटणे महत्त्वाचे. दारूचेही तेच. व्यायामशाळेत कोणी ‘ताकदीचे’ इंजेक्शन दिले असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे शरीराची स्वतःची शुक्राणूनिर्मिती मंदावते, कधी कधी पूर्ण थांबते, आणि हे अनेक तरुणांच्या गावीही नसते. दुकानांत पुरुषांसाठी जस्त आणि फोलिक ॲसिडच्या महागड्या डब्या मिळतात. अमेरिकेत सुमारे २,४०० जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, पुरुषांना सहा महिने ही दोन्ही द्रव्ये देऊनही ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना बाळांची संख्या वाढली. त्या पैशांत महिन्याची फळे येतील. मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, शेंगदाणे, अक्रोड, दही हे त्यांनाही तुमच्याइतकेच हवे; एका घरात दोन प्रकारचा स्वयंपाक करण्याची गरज नाही.

आता तुमच्याकडे. पीसीओएसमध्ये पुष्कळ जणींच्या शरीरातील पेशी रक्तातली साखर आत घ्यायला लावणाऱ्या इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात सोडते. हे जादा इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक तयार करायला लावते आणि ती संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते, ते मात्र कमी करते. परिणामी बीजपुटिका, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या लहान पिशव्या, वाढीला लागतात, पण पक्व होण्याआधीच थांबतात. सोनोग्राफीच्या कागदावर ज्यांना सिस्ट म्हटलेले असते, त्या अशा अर्ध्यात थांबलेल्या पुटिकाच असतात. त्या गाठी नाहीत, तेव्हा त्या शब्दाने घाबरून जाऊ नका. तुमचे मेटफॉर्मिन याच इन्सुलिनच्या अडचणीसाठी आहे आणि आहारातले बदलही त्याच ठिकाणी काम करतात.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २८ च्या थोडा वर येतो. भारतीयांसाठी २३ पासून पुढे वजन जास्त मानतात. पीसीओएस असलेल्या स्त्रीचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले, तर अनेकींची पाळी सुधारते आणि बीज सुटू लागते; तुमच्या बाबतीत हे साडेतीन ते सात किलो झाले. लग्नातल्या फोटोतल्या वजनापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नेदरलँड्समध्ये स्थूल स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, एका गटाला उपचाराआधी सहा महिने वजन कमी करण्याचा कार्यक्रम दिला आणि दुसऱ्या गटाचे उपचार थेट सुरू केले. पहिल्या गटात उपचारांशिवाय दिवस राहण्याचे प्रमाण वाढले खरे, पण दोन वर्षांअखेर निरोगी बाळांच्या एकूण संख्येत तो गट पुढे गेला नाही. यावरून मी माझ्यापुरता असा अर्थ काढते की वजन उतरवण्याचे काम चालू ठेवावे, पण ‘आधी दहा किलो कमी करा, मग पुढचे पाहू’ म्हणून वर्ष घालवू नये. बीज सुटण्याची औषधे डॉक्टर सुचवीत असतील तर ती आणि हा आहार हातात हात घालून चालू शकतात.

किटो सुटला याचे वाईट वाटून घेऊ नका. भात, पोळी, डाळी, कडधान्ये आणि बरीचशी फळे सोडून शाकाहारी घरात जे उरते त्यावर महिनोन्‌महिने राहणे कठीण असते, आणि अतिशय कमी उष्मांकांच्या आहाराने तर मेंदूकडून बीजकोशाला जाणारा संदेशच मंदावून पाळी आणखी लांबू शकते.

तुमच्या दिवसभराच्या ताटात मला भाताहून अधिक खटकते ती प्रथिनांची टंचाई. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. पातळ वरणाच्या वाटीत डाळ कमी आणि पाणीच जास्त असते, चहा-खारीत तर प्रथिने नावापुरतीच. सकाळच्या खारीच्या जागी मूगडाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही, किंवा मटकीची उसळ आणि थोडे पोहे, वर लिंबू पिळून, एवढा बदल पहिल्या आठवड्यात करा. दुपारी बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, घट्ट वरण किंवा पिठले, एक पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक घ्या. भात आवडत असेल तर लहान वाटीभर घ्या, पण आधी कोशिंबीर-उसळ खाऊन मग भाताकडे वळा म्हणजे रक्तातली साखर एकदम चढत नाही. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते हा समज मात्र सोडा. तीही पोळीसारखी पिष्टमयच आहे. संध्याकाळी फरसाणाऐवजी भाजलेले चणे-शेंगदाणे. रात्रीचे जेवण दहावरून आठावर आणता आले आणि दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे झाले, तर इन्सुलिनच्या दृष्टीने तो मोठा बदल ठरेल. दूध साय काढलेलेच प्यावे असे काही नाही, साधे चालेल.

खारी, टोस्ट आणि बाहेरच्या तळणीबद्दल मी विशेष आग्रही आहे, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या साडेसतरा हजारांहून अधिक परिचारिकांच्या आठ वर्षांच्या नोंदींवरून हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत वनस्पती तुपासारख्या पदार्थांतली ट्रान्स स्निग्धे अधिक खाणाऱ्या स्त्रियांमध्ये बीज न सुटण्याची तक्रार अधिक आढळली आणि मांसाऐवजी डाळी-कडधान्यांतून प्रथिने घेणाऱ्यांमध्ये ती कमी आढळली. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण शाकाहारी घराला त्यातून दिलासा नक्की मिळतो. आपल्याकडे २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स स्निग्धांवर दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. गाड्यावर पुनःपुन्हा तापवलेल्या तेलाला ती कोण लावणार, हा प्रश्न उरतोच.

शाकाहाराची खरी अडचण जीवनसत्त्व बी-१२ मध्ये आहे. ते दूध, दही, पनीर यांतून थोडेफार मिळते, पालेभाज्यांतून मिळत नाही, आणि आंबवलेल्या इडलीवर किंवा स्पिरुलिना नावाच्या शेवाळावर त्यासाठी विसंबता येत नाही. त्यात मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणखी कमी होते, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही कारणे एकत्र आली आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले होते. पुढे त्यांच्या मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा आईकडे फोलेट (फोलिक ॲसिडच्या कुळातले जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. म्हणून नुसते फोलिक ॲसिड सुरू करून समाधान मानू नका. बी-१२ ची रक्ततपासणी करा आणि ते कमी निघाले तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेत भरून काढा.

फोलिक ॲसिड मात्र तुम्ही आजपासूनच घ्यायला हवे, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते. ज्यांची पाळी पन्नास दिवसांनी येते त्यांना तोवर आपल्याला दिवस गेल्याची शंकाही आलेली नसते, त्यामुळे गोळी ‘कळल्यावर’ सुरू करणे तुमच्यासाठी उशिराचेच ठरेल. औषधाच्या दुकानात बहुधा पाच मिलिग्रॅमची गोळी पुढे केली जाते. ती मोठी मात्रा आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा फिटची काही औषधे घेणाऱ्या स्त्रियांसाठी असते. तुम्हाला तिची गरज आहे का, हे डॉक्टरांनी ठरवावे, दुकानदाराने नव्हे. सोबत हिमोग्लोबिन पाहून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जेवणाला लागून चहा घेतला की भाजी-भाकरीतले लोह कमी शोषले जाते, म्हणून चहा जेवणापासून तासभर दूर ठेवा. दिवसाला दोन कप चहाची धास्ती घेण्याचे कारण नाही.

गर्भधारणेच्या आधीपासून चांगले खाण्याचा उपयोग किती, याचे उत्तम उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. २००६ पासून तिथल्या गरीब वस्त्यांतील साडेसहा हजार स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून रोजचा एक खाऊ देण्यात आला: एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. बाळांच्या सरासरी वजनात एकंदर फरक पडला नाही. निदान तीन महिने आधीपासून खाऊ घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन मात्र किंचित वाढले, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण पहिल्या गटात ७ टक्के तर दुसऱ्यात १२ टक्के निघाले. पीसीओएसमध्ये गरोदरपणी मधुमेहाचा धोका मुळातच जास्त असतो, म्हणून हा आकडा तुमच्या कामाचा आहे. तुम्ही ताटात आज जी पालेभाजी वाढून घ्याल तिचा लाभ दिवस राहण्यापुरताच मोजू नका.

उपवास सोडा असे मी म्हणणार नाही. पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने, दोन वेळा खिचडी खाल्लेला दिवस इन्सुलिनच्या दृष्टीने सर्वांत वाईट दिवस ठरतो. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, फळ असा उपवास करा. हे सारे उपवासाला चालतेच. आठवड्यातल्या दोन उपवासांपैकी एक सध्या स्थगित ठेवता आला तर बरे.

सैंधव मिठाबद्दल मात्र तडजोड नको. त्यात आयोडीन पुरेसे नसते, आणि आयोडीन कमी पडले की थायरॉइडचे काम बिघडते, त्यातून बीज सुटण्यात अडथळा येऊ शकतो आणि पुढे बाळाच्या मेंदूच्या वाढीलाही झळ लागते. उपवासाला सैंधव असू द्या. रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ परत आणा आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासला नसेल तर तपासून घ्या.

पावडर मागवू नका. गर्भाशयाचे अस्तर दर पाळीला आपोआप गळून नवे येते, शुद्ध करण्यासारखे त्यात काही साचत नाही. आणि घटकांचा पत्ता नसलेल्या काही चूर्णांत शिशासारखे जड धातू सापडलेले आहेत, जे गर्भाला थेट अपायकारक असतात. वैद्यांचे औषध घ्यायचे असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्या आणि ते तुमच्या डॉक्टरांना सांगा.

सासूबाईंचा जीव तुमच्यासाठीच तुटतो आहे, तेव्हा हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही. पिकलेल्या पपईने गर्भधारणा अडत नाही. कच्च्या पपईत चीक असतो, म्हणून ती दिवस गेल्यावर टाळावी, इतकेच. तिळात कॅल्शियम आणि लोह आहे. रोज चमचाभर तिळाची चटणी भाकरीसोबत खा. गूळ बेताने खावा, पण त्याचे कारण तो उष्ण आहे हे नसून तोही साखरच आहे हे आहे. आणि सासूबाई किंवा घरातील कोणी मशेरी लावत असतील आणि तुम्हीही सोबतीने लावत असाल, तर ती आधी बंद करा. ती तंबाखूच आहे.

पुढच्या भेटीला जाताना यजमानांना बरोबर न्या, आणि त्यांच्या नमुन्याचा अहवाल, तुमचे बी-१२, हिमोग्लोबिन आणि टीएसएच यांचे आकडे, तसेच गेल्या सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून न्या. गर्भनलिकांची तपासणी करायची का, हे त्याच वेळी विचारा. मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाळी नेहमीच्या अंतरापेक्षाही लांबली तर ‘पीसीओएसच आहे’ असे धरून न चालता घरी लघवीची चाचणी करा, आणि ती होकारार्थी आली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती नाही, ते विचारून घ्या.